आधी महिना, मग रस्ता

दक्षिण कोकणात गाडी घेऊन जायचं म्हटलं की लोक पहिल्यांदा रस्ता विचारतात. आंबोलीनं उतरावं की फोंडा घाटानं, महामार्गाचं काम कुठवर आलंय, सागरी मार्गानं किती वेळ लागतो. माझ्या मते पहिला प्रश्न महिन्याचा आहे. निसर्ग, कला आणि जुना वारसा ही तिन्ही इथे एकाच वाटेवर भेटतात हे खरं, पण तिघांची वेळापत्रकं जुळत नाहीत. आंबोलीचे धबधबे जुलै-ऑगस्टमध्ये जोरात असतात. सड्यावरची, म्हणजे कातळी पठारावरची, फुलं बघायची तर सप्टेंबरपर्यंत जायला हवं, आणि नेमकी तेव्हाच त्या सड्यांवरची कातळशिल्पं पाण्यात नाहीतर गवतात दडलेली असतात. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद. दशावतारी नाटकांच्या कंपन्या बाहेर पडतात त्या तुळशीचं लग्न लागल्यावर. आणि एप्रिल-मेमध्ये आंबा असला तरी दुपारच्या कातळावर पाय ठेवायची सोय नाही.

तेव्हा काहीतरी सोडावंच लागतं. मी धबधबे आणि फुलं सोडली आणि त्रिपुरी पौर्णिमेनंतरचे दिवस धरले. भात कापून झालेलं असतं, ऊन सोसतं, गवत वाळून खाली बसायला लागलेलं असतं, आणि रात्री कुठल्या ना कुठल्या गावात जत्रा असते.

बरोबर आत्या होती. तिच्या अटी दोन: रोज एक तरी देऊळ आणि जेवण वेळेवर. माझीही एक अट होती, घाट आणि सागरी मार्गावरची वळणं अंधारात घ्यायची नाहीत. या तीन अटी कागदावर मांडल्या की बाकीची आखणी जवळपास आपोआप होते. दिवसाला दोन थांबे, फार तर तीन. जी जागा उजेडावर अवलंबून आहे ती दुपारी चारनंतर, कारण उतरत्या उन्हात दगडातली कोरीव रेघ सावली धरते आणि दिसते. जी माणसांवर अवलंबून आहे ती आधी फोन करून. जत्रांचं मात्र वेगळं आहे. त्या तिथीवर ठरतात, तारखेवर नाही, आणि इंटरनेटवर शोधत बसण्यात अर्थ नसतो. कुडाळला जिथं उतरणार होतो तिथल्या मालकांना विचारलं, तर त्यांनी मेहुण्यांना विचारलं, मेहुण्यांनी रिक्षावाल्याला, आणि संध्याकाळपर्यंत आमच्याकडे पाच गावांची यादी आली. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा त्यात सगळ्यांत वर होती. पण तिथल्या गर्दीत आत्याला नेणं शक्य नव्हतं, म्हणून लहान गाव धरलं.

पुण्याहून कोल्हापूर, संकेश्वरला महामार्ग सोडून गडहिंग्लज, आजरा. उसाच्या ट्रॅक्टरांमागून सरकत जाण्याचा हा रस्ता आहे आणि त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं फारसं नाही. आजऱ्याला मात्र थांबावं. इथल्या घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. सुगीचे दिवस असल्यानं वासाचा नवा तांदूळ कोणाकडे मिळेल ही चौकशी आत्यानं माझ्या आधी केली आणि गाडीची डिकी पहिल्याच दिवशी अर्धी भरली.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नोव्हेंबरात त्याची खूण म्हणजे झाडांच्या खोडांवरचं शेवाळ आणि भिंतींवरचे काळे ओघळ, बस्स. ज्यांना धबधब्याखाली भिजायचंय त्यांनी या महिन्यात येऊ नये. आम्ही हिरण्यकेशीला गेलो. देवळाच्या मागच्या गुहेतून झरा येतो, पुढे कुंड आहे, आणि तिथून निघालेली नदी समुद्र इतका जवळ असूनही पाठ फिरवून पूर्वेला जाते. आपण ज्या आजऱ्यावरून आलो तिकडूनच वाहत ती घटप्रभेला आणि पुढे कृष्णेला मिळते. या कुंडातल्या पाण्यात 2020 साली एका नव्या जातीच्या माशाची नोंद झाली, शिस्तुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी राज्य सरकारनं ही जागा जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर केली. माझी ही सगळी माहिती ऐकून घेत आत्या कुंडाच्या काठावर वाकली. बोटाएवढे मासे तळाच्या खड्याला चिकटून होते, हलले की दिसायचे, थांबले की खडा व्हायचे. “देवीचे मासे आहेत म्हणून कोणी धरले नाहीत, म्हणून राहिले,” ती म्हणाली. संशोधनपत्रिकेत हे वाक्य नसेल, पण खोटं नाही.

घाट उतरून सावंतवाडीला दिवसाउजेडी पोचलो. मोती तलावाच्या काठाचा राजवाडा हा इथला मुख्य थांबा. दरबार हॉलमध्ये बैठ्या मेजांवर कारागीर गंजिफा रंगवत बसलेले असतात. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. हा खेळ इराणकडून आला. बाबरानं 1527 मध्ये सिंधमधल्या एका स्नेह्याला गंजिफा पाठवल्याचं त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्याकडे येऊन त्याचे दहा अवतार झाले: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पानं, एकूण 120. जुन्या पद्धतीत कापडाला नाहीतर कागदाला चिंचोक्याची खळ देऊन पान ताठ करायचे, मग रंग, मग लाखेचा हात.

समोरची बाई कूर्माचा राजा रंगवत होती. तळहातात मावेल एवढं पान, त्यावर सिंहासन, छत्र, दोन बाजूंना सेवक. सगळी रंगांची कामं झाली होती आणि आता फक्त डोळे राहिले होते. केसासारखी बारीक कुंचली पानाला टेकवून ती क्षणभर थांबायची, श्वास सोडायची आणि एकाच टिंबात डोळा उघडायचा. बारा पानांचे डोळे ती एका बैठकीत करते म्हणाली; मध्ये उठलं की हात बदलतो.

खेळाचे नियम तिच्याकडूनच ऐकले. तीन खेळणारे. दिवसा डाव रामाच्या राजानं सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा, म्हणजे डोकं सतत उलटसुलट फिरवायचं. आत्या लगेच म्हणाली, “तिघांचा खेळ, म्हणजे आमचं पाच-तीन-दोन.” मग तिनं पूर्ण संचाची किंमत विचारली. ती काही हजारांत असते. आत्यानं पान जपून परत ठेवलं.

ही कला संपायच्या बेतात होती. 1970 च्या दशकात इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली, राजवाड्यातच काम सुरू केलं, म्हणून आज हा हॉल भरलेला दिसतो. सत्त्वशीलादेवी 2018 मध्ये गेल्या. बाहेर चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. तिथली रंगीत लाकडी फळं मला कधीच आवडली नाहीत, फार चकचकीत असतात. पण भातुकली आणि बैलगाडी घ्यावी. पूर्वी ही खेळणी पांगाऱ्याची असत. आता जे लाकूड मिळेल ते, असं दुकानदारानं सरळच सांगितलं.

सावंतवाडीहून कुडाळकडे येताना पिंगुळी लागतं. माझ्या दृष्टीनं सगळ्या प्रवासाचा गाभा हा थांबा होता आणि आखणीत त्याला अख्खी सकाळ दिली होती. इथले ठाकर लोक पिढ्यानपिढ्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करत आलेत. सावंतवाडी संस्थानानं त्यांना आश्रय दिला, देवळादेवळांतून त्यांचे मान ठरलेले असत. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यात या कलांचं संग्रहालय उभं केलं, ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोठा अजून गोठ्यासारखाच आहे, बुटका, थंड, आणि त्याच्या आडव्या वाशांना राम, रावण, हनुमंत दोऱ्यांनी टांगलेले.

चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवून सांगायची कथा. तिच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. ही पोथी बांधलेली नसते. सुटे कागद असतात आणि दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे कागद ताठ उभा राहतो आणि कथेकऱ्याला उलटला की पुढचा प्रसंग मिळतो. चेहरे एका बाजूनं काढलेले, डोळे मोठे, मिशा ऐटदार, मागची जागा बहुतेक मोकळी. संग्रहालयाच्या काचेत ही चित्रं मी पुण्यात आधी पाहिली होती. केळकर संग्रहालयात ती आहेत. तेव्हा मला ती थोडी गोठल्यासारखी वाटली होती, कारण कोणीच कोणाकडे बघून काही करत नाही, नुसते समोरासमोर उभे असतात.

पिंगुळीत घरातल्या एका तरुणानं मांडी घालून पोथी पुढ्यात घेतली, दोघांनी टाळ आणि हुडूक धरला आणि गाणं सुरू झालं. मग कळलं की हालचाल चित्रात ठेवलेलीच नाही, ती गळ्यात ठेवलीय. रावण बोलतोय म्हटल्यावर त्यानं चित्रातल्या रावणाच्या पायाशी बोट नेलं आणि आवाज खाली खेचला. सीता बोलली तेव्हा बोट सरकलं. डोळा तेवढाच स्थिर, पण आता तो ऐकत होता. आम्हाला दाखवलेल्या जुन्या कागदांच्या खालच्या कडेला, अगदी मधोमध, काळपट डाग पडलेले होते. हाताळणाऱ्या अंगठ्यांचे. काचेच्या चौकटीत हीच कडा पुठ्ठ्याखाली जाते. पोथी फारच जीर्ण झाली की ती पाण्यात सोडण्याची रीत होती, त्यामुळे किती पोथ्या नदीला मिळाल्या याचा हिशेब लागणार नाही.

इथे येणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. चित्र विकत घ्याच, पण त्याआधी एक तरी प्रसंग गाऊन दाखवायला सांगा आणि त्याचे वेगळे पैसे द्या. आधी फोन केला असेल तर वाजवणारे शेतातून वेळेवर येतात. अर्ध्या तासाच्या धावत्या भेटीत फक्त भिंती बघून होतात.

दुपारी धामापूर. आधी वालावलचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ, मग कर्ली नदीच्या पलीकडे तलाव. धामापूरचा तलाव 1530 मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधला. डोंगरांच्या बेचक्यात मातीचा बांध घातला, पाणी अडवलं आणि काठावर भगवतीचं देऊळ. पाचशे वर्षं होत आली तरी त्यावर शेती चालते. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता मिळाली. कथा अशी सांगतात की लग्नाला दागिने हवे असले की गरिबानं फुलांची परडी पाण्यात सोडायची आणि दागिन्यांनी भरून परत घ्यायची. लग्न झाल्यावर दागिने पाण्याला परत. मग एकानं परत केले नाहीत आणि ते बंद झालं. “असा एक जण प्रत्येक गावात असतोच,” आत्या घाटाच्या पायऱ्या उतरता उतरता म्हणाली.

जत्रेच्या रात्रीसाठी दुपारची झोप आखणीत लिहून ठेवली होती. हे हसण्यावारी नेऊ नये. मालकांनी बजावलं होतं, “नाटक बारा-एक वाजल्याशिवाय सुरू होना नाय. हंतरूक कायतरी घेवन जावा. झोप इली तर थंयच आडवे पडा, कोण काय म्हणाचो नाय.” आम्ही चटई आणि शाल घेऊन गेलो. देवळाच्या आवारात खाज्याची दुकानं, फुगे, गरम भजी. पालखी निघाली, प्रदक्षिणा झाल्या, आणि मग एका बाजूला दिव्याखाली कंपनीची माणसं पेटाऱ्यांवर बसून रंगायला लागली. प्रत्येक जण आपला चेहरा आपणच रंगवतो. हातात छोटा आरसा, दातांत दोरी, आणि मागून कोणीतरी नऊवारीच्या निऱ्या धरलेल्या. बायकांची कामं पुरुषच करतात. एक धिप्पाड गृहस्थ तपकीर ओढत बसले होते. अर्ध्या तासानं तेच राणी होऊन उभे राहिले, तर आत्यानं त्यांना ओळखलंच नाही.

रंगभूमीचं सामान म्हणजे एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच अरण्यातली शिळा, तेच शयनगृह. पायपेटी, पखवाज, झांज. आधी आडदशावतार: गणपती येतो, सरस्वती येते, मग संकासुर येऊन गावातल्या लोकांची नावं घेऊन टर उडवतो. त्यानंतर मुख्य आख्यान. संहिता नसते. कोणतं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण काय होणार ते ठरतं, बाकी संवाद उभ्या उभ्या. दोन राजे एकमेकांना आव्हान देत होते आणि तर्काला तर्क, श्लोकाला श्लोक असं इतका वेळ चाललं की युद्ध राहूनच जातंय की काय असं वाटलं. बाजूच्या म्हाताऱ्या काकांनी मान डोलवत मला सांगितलं, “लढाय काय, कोणीय करता. बोलूक येवक व्हया.” पहाटे दहीकाला होऊन आम्ही उठलो तेव्हा आसपास अर्धं गाव शाली ओढून झोपलेलं आणि अर्धं टक्क जागं.

दुसरा दिवस सक्तीचा निवांत. मालवणला होडीनं सिंधुदुर्ग पाहिला, 1664 मध्ये पायाभरणी झालेला. शिवराजेश्वराच्या मंदिरात आत्याची अट पुरी झाली. गर्दी शनिवारची होती, त्याबद्दल बोलत नाही.

तिथून उत्तरेकडे सागरी मार्ग. देवगडच्या कलमांमधून विजयदुर्ग. तिहेरी तटबंदीचा हा किल्ला आरमारी इतिहासासाठी सगळे बघतात. मला ‘साहेबाचे ओटे’ बघायचे होते. हेलियमचा शोध याच ओट्यांवरून नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञानं 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात लावला असं सर्रास सांगितलं जातं आणि त्या दिवशी इथे हेलियम दिन साजरा होतो. गंमत अशी की 1868 च्या ग्रहणात लॉकियर भारतात नव्हता. त्या वेळी जान्सन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंध्रात गुंटूरला होता, आणि लॉकियरनं आपली निरीक्षणं ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय केली. विजयदुर्गला तो आला हे मात्र खरं, 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. मेल्पोमीन या युद्धनौकेच्या खलाशांना हाताशी धरून त्यानं इथे दुर्बिणी मांडल्या. म्हणजे ओटे खरे, साहेब खरा, फक्त साल तीस वर्षं मागे सरकलंय. मला तर खरी हकीकत जास्त आवडते: किल्ल्यावर खलाशी, प्रत्येकाला एक काम नेमून दिलेलं, आणि सूर्य झाकला जायची वाट बघणं.

वाघोटनची खाडी ओलांडून जैतापूर, आडिवरे करत कशेळीला निघालो, आणि इथे आमचं जरा वाजलं. कशेळीत दोन गोष्टी आहेत: कनकादित्याचं देऊळ आणि सड्यावरचं हत्तीचं कातळशिल्प. चार वाजत होते. मी म्हटलं आधी सडा, ऊन उतरतंय. आत्या म्हणाली, “सूर्याच्या देवळात सूर्य मावळल्यावर जायचं?” शेवटी उजेडाचा नियम कागदावर लिहिलेला आहे, हे तिला दाखवलं.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. नोव्हेंबरात गवत तांबूस झालेलं, मध्ये काळा कातळ उघडा पडलेला. जवळ जाऊन उभं राहिलं तर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. मग पायाशी बोटभर रुंदीची एक खाच दिसते, ती वळते, आपण तिच्याबरोबर चालायला लागतो, आणि बरंच चालल्यावर लक्षात येतं की हा पाय होता. हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. जमिनीवर उभ्या माणसाला तो एका नजरेत मावत नाही. त्याच्या बाह्यरेषेच्या आत आणखी प्राणी, पक्षी, जलचर कोरलेत, एकमेकांना खेटून. आत्या आधी कडेला उभी होती. मग तिनं चपला काढल्या, खाली बसली आणि एका खाचेतून बोट फिरवत नेलं. “मासा,” ती म्हणाली. “शेपटी बघ.” मला तो दिसायला आणखी थोडा वेळ लागला.

काढणाऱ्यांनी कधी काढलं यावर अभ्यासक बोलतात ते हजारो वर्षांच्या हिशेबात, मध्याश्मयुगापर्यंत मागे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गुराख्यांना विचारत, सडे तुडवत अशी शेकडो चित्रं नोंदवली. 2022 मध्ये त्यांतली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली: सात रत्नागिरी जिल्ह्यातली, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यात कुशावतीच्या काठचं फणसायमळ. सरकारी दप्तरात मात्र सडा म्हणजे पडीक. पडीक म्हटलं की त्यावर चिरेखाण चालते, रस्ता जातो, कारखाना येऊ शकतो. यादीतलंच एक नाव बारसू आहे. त्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा 2023 मध्ये गावकरी ठिय्या देऊन बसले होते. पडीक हा शेरा बदलल्याशिवाय चौकट आणि फलक लावून हे हत्ती राहतील असं मला वाटत नाही.

कनकादित्याला पोचलो तेव्हा आरतीची वेळ झाली होती, त्यामुळे आत्याचा राग गेला. शिलाहार राजा दुसरा भोज याचा 1191 सालचा ताम्रपट या देवळाशी जोडलेला आहे. लाकडी खांबांचा सभामंडप, कौलारू छप्पर, आवारात दगडी फरशी. पुजाऱ्यांशी आत्याची ओळख निघायला पाच मिनिटं पुरली आणि रात्रीच्या जेवणाची सोय त्यांच्याच शेजारी झाली: भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी.

जेवताना पुढचा बेत झाला. रत्नागिरीच्या पुढे उक्षीला आणखी एक हत्ती आहे, तिथल्या ग्रामपंचायतीनं स्वतः जपलेला. आंबा घाटानं परतायच्या आधी तो बघायचा माझा आग्रह. वाटेत पावसला स्वामी स्वरूपानंदांचा मठ, हा आत्याचा. तिनं कागद माझ्याकडून घेतला, चष्मा लावला. मठात दुपारी प्रसाद मिळतो, म्हणजे जेवणाची अट सुटली. तिथून निघून रत्नागिरी, मग उक्षी, पोचायला चार. “उजेड बरोबर मिळतो बघ तुझा,” ती म्हणाली आणि पावसच्या पुढे पेनानं दोन रेघा मारल्या.